मर्केलबाईंची भेट आणि माझी

ऑनसाइटहून घरी काय न्यायचं याची यादी आपोआप तयार होते. चॉकलेटं, परफ्यूम, भाच्यासाठी लेगो, आणि बाबांसाठी एखादं असं हत्यार जे ते कपाटात जपून ठेवतील आणि कधीही वापरणार नाहीत. पण निघताना तिथल्या माणसांना काय द्यायचं, याची यादी कुणी करून देत नाही. आईला फोनवर विचारलं तर म्हणाली, "जाताना पैठणीचे दोन बटवे दिले होते ना मी? त्यातला एक दे." ते बटवे पहिल्याच महिन्यात संपले होते. (एक घरमालकीणबाईंना, आणि एक बँकेतल्या बाईंना, ज्यांनी माझं खातं तीन आठवड्यांऐवजी तीन दिवसांत उघडून दिलं.)

तर न्यूर्नबर्गमधला माझा शेवटून दुसरा शनिवार. आठ महिने संपत आले होते आणि मला आमच्या टीम लीडसाठी काहीतरी चांगलं घ्यायचं होतं. ती मूळची चीनमधल्या शिआनची, गेली बारा वर्षं जर्मनीत. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. तिने माझ्यासाठी एक गोष्ट केली होती, न बोलता, न सांगता. ती काय, ते पुढे सांगतो.

न्यूर्नबर्ग हे तसं कोरीव कामवाल्यांचं आणि नकाशेवाल्यांचं गाव. आल्ब्रेख्त ड्यूरर इथलाच, किल्ल्याजवळ त्याचं घर अजून उभं आहे. जगातला सगळ्यात जुना शिल्लक राहिलेला पृथ्वीगोल इथल्या संग्रहालयात आहे. तो १४९२ चा, आणि त्यावर अमेरिका नाही, कारण कोलंबस ती बातमी घेऊन अजून परत आलेला नव्हता. १७०२ मध्ये योहान बाप्टिस्ट होमान नावाच्या माणसाने इथे नकाशे छापायचा धंदा काढला आणि पुढे त्याच्या वारसांनी तो शंभरहून जास्त वर्षं चालवला. त्यामुळे गावातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात जुन्या ॲटलासांची सुटी पानं अजूनही मिळतात. मोठे सपाट ड्रॉवर असतात, आणि त्यात खंडाखंडाप्रमाणे जग लावून ठेवलेलं असतं.

मी अर्थातच आधी भारताचा ड्रॉवर उघडला. आणि त्यात आधी काय शोधलं? पुणं. मिळालं नाही. गोवा मात्र ठळक अक्षरांत. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी जर्मन कारागिराचा मला चक्क राग आला. मग चीनचा ड्रॉवर उघडला आणि तिथे ते पान होतं. साधारण लॅपटॉपच्या स्क्रीनएवढं, अठराव्या शतकातलं, किंमत ८५ युरो. नद्या केसासारख्या बारीक, डोंगर म्हणजे छोटे छोटे उंचवटे, आणि शिआनच्या जागी 'सी-न्गान-फू' अशा धाटणीचं काहीतरी लिहिलेलं. म्हटलं झालं, हेच!

दुकानातल्या बाईंनी भिंग काढून दिलं आणि कागदाच्या कडेवरून माझं बोट फिरवायला लावलं. चारी बाजूंनी एक हलकासा खोलगट चौकोन लागतो. तांब्याचा पत्रा दाबला गेल्याची ती खूण. पद्धत अशी, की तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर अणकुचीदार छिन्नीने रेघा कोरायच्या, सगळं उलटं, आरशात दिसेल तसं. गावांची नावंसुद्धा उलटी. मग पत्र्यावर शाई चोपडायची, वरची पुसून टाकायची, म्हणजे ती फक्त खाचांमध्ये उरते. त्यावर ओलसर कागद ठेवून रुळाच्या प्रेसमधून काढायचा. कागद खाचेत घुसून शाई उचलतो. आपल्याकडे राजे जमीन दान द्यायचे तेव्हा ताम्रपट कोरून द्यायचे, ते आठवलं. फरक एवढाच की आपला ताम्रपट हीच मूळ प्रत, आणि इथे तांबं म्हणजे नुसता साचा.

"आणि रंग?" मी विचारलं. कारण प्रांतांच्या कडेने फिकट गुलाबी, हिरव्या, पिवळ्या पट्ट्या होत्या. बाई म्हणाल्या, रंग नंतर, हाताने, ब्रशने. प्रत्येक प्रतीवर वेगळा. कधी छापखान्यात भरलेला, कधी विकणाऱ्याने, कधी विकत घेणाऱ्याने, आणि कधी शंभर वर्षांनी कुणीतरी. रंग कोरलेला नसतो.

हे वाक्य तेव्हा मी नुसतं ऐकलं आणि पैसे देऊन निघालो.

सोमवारी ऑफिसमध्ये ती पुठ्ठ्याची नळी टेबलाशेजारी उभी होती. समोर बसणारे आमचे एक जर्मन सहकारी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, त्यांनी विचारलं काय आहे. मी उत्साहाने उलगडून दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, चीनच्या कडेने बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा तू तिला देणार? मर्केलबाईंची गोष्ट माहीत नाही तुला?"

नव्हती माहीत. २०१४ मध्ये मी शाळेत होतो. तुम्हालाही माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो.

२८ मार्च २०१४. चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग बर्लिनच्या भेटीवर होते. जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी त्यांना एक भेट दिली, १७३५ चा चीनचा नकाशा. मूळ काम दाँव्हिल नावाच्या फ्रेंच नकाशाकाराचं, छापलेला एका जर्मन प्रकाशकाने. वर लॅटिनमध्ये मथळा, ज्याचा अर्थ साधारण 'खुद्द चीन'. भेट म्हणून विचार केला तर किती छान! जुनी वस्तू, अभ्यासाची वस्तू, पाहुण्याच्या देशाबद्दल आदर दाखवणारी, आणि छापणारा जर्मन. कुणीतरी अधिकाऱ्याने बराच विचार करून निवडली असणार.

फक्त त्या 'खुद्द चीन'मध्ये तिबेट नव्हता. शिनजियांग नव्हता. मंगोलिया आणि मांचुरिया नव्हते. तैवान आणि हैनान ही दोन बेटं होती, पण त्यांच्या कडेचा रंग वेगळा. आणि दिवस कसे, तर दहाच दिवसांपूर्वी रशियाने क्रिमिया आपल्यात सामील करून घेतला होता. युरोपात तेव्हा कुणी नकाशा नुसता शोभेची वस्तू म्हणून बघत नव्हतं.

पण खरी गंमत पुढेच आहे. चिनी माध्यमांतून या भेटीची जी बातमी फिरली, तिच्यासोबत नकाशाचं चित्रही होतं, पण नकाशा तो नव्हताच! दुसराच एक, जॉन डाउअर नावाच्या इंग्रजाने केलेला, १८४४ मध्ये लंडनला छापलेला. त्यात चीनचं साम्राज्य ऐसपैस पसरलेलं. तिबेट आत, शिनजियांग आत, मंगोलिया आत, वर सैबेरियाचाही मोठा तुकडा आत. शींच्या युरोप दौऱ्याची बारीकसारीक हकिकत देणाऱ्या 'पीपल्स डेली'ने या नकाशाचा विषयच टाळला. चिनी नेटवर मग जोरदार चर्चा. काहींना मर्केलबाईंच्या हेतूबद्दल शंका आली, काहींनी बदललेल्या नकाशावर खूश होऊन आपला देश केवढा होता म्हणून उसासे टाकले, आणि काहींनी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवून अदलाबदल पकडली.

आमचे जर्मन काका हे सगळं रंगवून सांगत होते आणि मी पोट धरून हसत होतो. म्हणजे बघा ना, भेट पसंत पडली नाही म्हणून भेटच बदलून टाकायची! लग्नात मिळालेलं लेमन सेट दुसऱ्याच्या लग्नात खपवतात तशातला प्रकार. त्यातही बदली नकाशा कुठला निवडला, तर इंग्रजाचा, १८४४ चा. म्हणजे अफूच्या पहिल्या युद्धानंतरचा, ज्याच्या तहात दोनच वर्षांपूर्वी चीनने हाँगकाँग गमावलं होतं.

त्या रात्री घरी आलो आणि सवयीप्रमाणे वाचत बसलो. (मूळ कारण शोधल्याशिवाय झोप लागत नाही, हा व्यवसायजन्य आजार.) आणि मग कळलं की हा 'परक्यांनी काढलेला' नकाशा तितकासा परक्यांचा नाहीच.

या नकाशाचा मूळ क्लायंट म्हणजे खुद्द चीनचा सम्राट कांगशी. त्याच्या दरबारात युरोपातून आलेले जेझुइट पाद्री होते, गणित आणि खगोलशास्त्र जाणणारे. १७०८ मध्ये बुव्हे, रेजिस आणि जार्तू या तिघांना त्याने आधी चीनच्या भिंतीची मोजणी करायला पाठवलं. ते काम त्याला आवडलं आणि मग सगळ्या राज्याचीच मोजणी सुरू झाली. मोजमाप एकसारखं राहावं म्हणून 'ली' हे अंतराचं माप ठरवून दिलं, अक्षांशाच्या एका अंशाला २०० ली. स्टँडर्ड ठरवल्याशिवाय डेटा गोळा करायचा नाही, हे त्या सम्राटाला तीनशे वर्षांपूर्वी कळत होतं! साधारण दहा वर्षांत प्रांतामागून प्रांत मोजून झाले. तिबेटमध्ये जेझुइट गेले नाहीत. तिथे गणित शिकवून लामांना पाठवलं. तैवानची फक्त पश्चिमेची बाजू मोजली गेली, कारण डोंगरापलीकडचं अर्धं बेट दरबाराच्या ताब्यातच नव्हतं. त्यामुळे नकाशात अर्धंच बेट आलं.

मग हे सगळं तांब्यावर कोरायचं काम मात्तेओ रीपा या इटालियन पाद्र्याकडे आलं. त्याला या कलेचा अनुभव यथातथाच. सम्राटाने विचारलं, येतं का? आणि हा 'हो' म्हणून बसला असावा, आपण क्लायंट कॉलवर बसतो तसा. :-) शाई, प्रेस, सगळं तिथल्या तिथे जमवत त्याने १७१९ पर्यंत पत्रे कोरून काढले.

या मोजणीच्या प्रती पॅरिसला गेल्या. तिथे द्यु आल्द या जेझुइटाने १७३५ मध्ये चीनवर चार खंडांचा मोठा ग्रंथ काढला आणि त्यातले नकाशे करायचं काम दाँव्हिलकडे दिलं. द्यु आल्द चीनला कधी गेलेला नव्हता. दाँव्हिलही नाही. तो आयुष्यभर पॅरिसमध्ये बसून इतरांची मोजणी तपासत, जुळवत राहिला आणि शेवटी त्याच्याकडे सुमारे दहा हजार नकाशे जमले होते. त्याची एक सवय मला फार आवडली. जिथली खात्रीची माहिती नाही तिथे तो जागा कोरी सोडायचा. १७४९ च्या त्याच्या आफ्रिकेच्या नकाशात मधला बराच भाग सरळ रिकामा आहे. त्याआधी लोक तिथे हत्ती नाहीतर काल्पनिक डोंगर काढून मोकळे व्हायचे.

आता महत्त्वाचा मुद्दा. त्या ग्रंथात नकाशा एकच नव्हता, चाळीसच्या वर होते. एका पानावर खुद्द चीन. दुसऱ्या पानांवर तार्तरी, म्हणजे मांचुरिया-मंगोलियाकडचा मुलूख. वेगळ्या पानावर तिबेट. आणि एक मोठं पान असंही, ज्यात चीन, चिनी तार्तरी आणि तिबेट सगळं एकत्र. तोच दाँव्हिल, तीच मोजणी, तेच पुस्तक. मर्केलबाईंच्या कचेरीतल्या त्या अज्ञात अधिकाऱ्याच्या हाताला ते पान लागलं असतं, तर बदली नकाशा शोधायची वेळच आली नसती. उलट म्हणता आलं असतं, तुमच्याच सम्राटाच्या हुकमाने झालेलं काम तीनशे वर्षांनी तुम्हाला परत देतोय.

म्हणजे नकाशा खोटा नव्हता. पान निवडलेलं होतं, आणि रंग नंतरचा होता. दुकानातल्या बाईंचं वाक्य मला तेव्हा कुठे ऐकू आलं. नद्या, डोंगर, गावं, ज्यासाठी माणसं वर्षानुवर्षं साखळ्या घेऊन उन्हातान्हात फिरली, त्याबद्दल २०१४ मध्ये कुणी एक शब्द बोललं नाही. सगळी चर्चा कडेच्या रंगाची.

इथपर्यंत छान चाललं होतं. लॅपटॉप मिटून झोपावं एवढ्यात आठवलं की मी स्वतः काय केलंय.

आमचं प्रॉडक्ट म्हणजे मालवाहतुकीचा डॅशबोर्ड. नकाशावर ट्रक आणि कंटेनर सरकताना दिसतात. दोन वर्षांपूर्वी, मी पुण्यात असताना, एका भारतीय क्लायंटला डेमो होता. नकाशासाठी आम्ही एक फुकट मिळणारी जगाची फाइल वापरली होती आणि त्यात आपला काश्मीरचा भाग कापलेला होता. खरं सांगतो, आमच्यातल्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. चार महिन्यांचं काम, आणि समोरचे साहेब पहिल्या मिनिटाला म्हणाले, "आधी तो नकाशा बंद करा." खोलीत शांतता. माझे कान गरम झाले. लाज क्लायंटसमोर वाटली हे तर झालंच, पण शाळेपासून हजार वेळा काढलेलं ते डोकं नसलेलं बघून पोटात जे झालं, ते नोकरीपेक्षा वेगळं होतं.

आणि प्रश्न नुसता भावनेचा नाही. आपल्याकडे १९६१ चा कायदा आहे, १९९० मध्ये त्यात सुधारणा झाली. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापला तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मे २०११ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'च्या भारतातल्या अंकात काश्मीरच्या नकाशावर चक्क पांढरे स्टिकर चिकटवावे लागले होते, २८ हजार प्रतींवर.

त्या संध्याकाळी मी अकरा ओळींचा कोड लिहिला. युजर भारतातून बघत असेल तर ही फाइल, नाहीतर ती. एक इफ, एक एल्स. रिव्ह्यू चार मिनिटांत पास झाला. एकानेही प्रश्न विचारला नाही. मला स्वतःलाही पडला नाही. मोठी नकाशा ॲप्ससुद्धा हेच करतात. भारतात बसून बघितलं तर सीमा सलग, बाहेरून बघितलं तर तुटक.

तर मंडळी, ज्या अदलाबदलीवर मी दुपारी पोट धरून हसलो होतो, ती मी दोन वर्षांपूर्वी करून मर्ज करून बसलो होतो. वर शाबासकीचा मेलही घेतला होता.

आणि आता ती गोष्ट, जी लीडने माझ्यासाठी केली.

न्यूर्नबर्गला येऊन तीन महिने झाले असतील. आमचा एक क्लायंट चीनमध्ये सुरू होणार होता. तिथेही नकाशाचे नियम आहेत, २०१६ पासून आणखी कडक. सरकारने मान्य केलेलाच नकाशा दाखवायचा. माझ्या नावावर टिकट आलं, 'चीनमधल्या युजरसाठी मान्यताप्राप्त फाइल जोडणे.' काम किती, तर तीन ओळी. माझ्याच त्या इफ-एल्समध्ये आणखी एक देश. फाइल सोबत जोडलेली होती. मी उघडली. अरुणाचल प्रदेश त्यांच्या बाजूला. अक्साई चीन तर होताच. (२०२३ च्या ऑगस्टमध्ये चीनने जो 'प्रमाण नकाशा' काढला आणि ज्याचा भारताने निषेध नोंदवला, त्यातही हेच होतं.)

माझा एक कॉलेजचा मित्र इटानगरचा आहे. चार वर्षं हॉस्टेलला शेजारच्या खोलीत होता. पुण्यात त्याला रिक्षावाल्यांपासून मेसच्या काकूंपर्यंत सगळे विचारायचे, "तू कुठल्या देशाचा?" आणि तो न चिडता सांगायचा. मी ती फाइल बंद केली आणि दुसरं काम उघडलं.

दोन दिवस टिकट तसंच पडून. स्टँडअपमध्ये मी म्हणालो, "फाइल लोड होताना थोडा इश्यू येतोय." कसला इश्यू आणि कसलं काय. सरळ थाप होती. नाही म्हणायची हिंमत नव्हती, करायची इच्छा नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर टिकटावर तिचं नाव. स्वतः करून, मर्ज करून मोकळी. आमच्याकडे दोन रिव्ह्यूअर लागतात आणि तिच्या कोडला एक मी ठरलेलाच असायचो. त्या दिवशी तिने दुसऱ्यालाच टाकलं होतं. मला एक शब्द नाही. मेल नाही, चॅट नाही, कॉफी घेताना एखादा टोमणा नाही. ना तेव्हा, ना नंतर.

तिच्यासाठी तो नकाशा चुकीचा नव्हता, हे मला माहीत आहे. ती त्याच नकाशावर शाळा शिकली. जसा मी माझ्या. तरीही तिने ओळखलं की ही फाइल या मुलाच्या हाताने जायला नको.

आणि अशा बाईला मी काय देत होतो? कडेला तैवान वेगळ्या रंगात असलेला नकाशा! तिला वाटलं असतं, हा त्या टिकटाचं उत्तर देतोय. चार महिने थांबून, ८५ युरो खर्चून.

दोन दिवस फार विचार केला. एक कल्पना सुचली, ती सांगायला लाज वाटते. फ्रेमवाल्याकडे नेऊन आतला पुठ्ठा जरा आत कापून घ्यायचा, म्हणजे खालचा उजवा कोपरा झाकला जाईल आणि बेटाचा प्रश्नच मिटेल. फ्रेमवाल्याला मेलसुद्धा लिहायला घेतला. मग लक्षात आलं की हे म्हणजे पुठ्ठ्याचं इफ-एल्स. तो मेल तिथेच सोडून दिला. दुसरी कल्पना, न्यूर्नबर्गच्या किल्ल्याचं चित्र घ्यायचं. पण ती बारा वर्षं त्या किल्ल्याखालून सायकलने ऑफिसला येते. तिला त्याचं काय?

शेवटी नकाशाच द्यायचा ठरवला, पण मर्केलबाईंसारखा सगळ्यांसमोर नाही.

जर्मनीत निघणाऱ्या माणसानेच सगळ्यांना केक खिलवायचा असतो. गुरुवारी केक झाला, भाषणं झाली, सगळे जागेवर गेले. ती ऑफिसच्या किचनमध्ये डिशवॉशरमध्ये प्लेट्स लावत होती (लीड असूनही तीच लावते). मी नळी पुढे केली आणि आधी बोलून टाकलं, "जुना नकाशा आहे. चीनचा. रंग नंतर कुणीतरी भरलेत." ती हात पुसत म्हणाली, "मर्केल?" आणि हसली. गोष्ट तिला अर्थातच माहीत होती. मला सांगणारे काकाच तिच्याही समोर बसतात!

मग तिने तो टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले, आणि बोट फिरवायला लागली. मी श्वास रोखून बघत होतो बोट कुठे जातंय. कडेला गेलंच नाही. पिवळ्या नदीवरून आत, वळणावरून खाली, वेई नदीच्या काठाने सरळ शिआन. "हे बघ," म्हणाली. फोटो काढला आणि वडिलांना पाठवला. चीनमध्ये रात्र होती, पण तिचे वडील जागे होते. लगेच उत्तर आलं. तिने भाषांतर करून सांगितलं, "नाव चुकीचं लिहिलंय."

मग तिने विचारलं, "तुझं गाव होतं का त्या दुकानात?" मी म्हणालो, "गोवा होता. पुणं नव्हतं." त्यावर तिला इतकं हसू आलं की शेवटी मलाही आलं. मी त्या टिकटाबद्दल काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, "ते तेव्हाचं..." ती म्हणाली, "केकचा शेवटचा तुकडा उरलाय, अर्धा अर्धा करू." विषय संपला.

मी पुण्याला परत येऊन आता पाच महिने झाले. मध्यंतरी तिने फोटो पाठवला. नकाशा फ्रेम करून लावलाय, चारी कडा दिसतायत, बेटासकट. ऑफिसमध्ये नाही, घरी. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीवर, मुलाच्या शाळेच्या वेळापत्रकाशेजारी. ऑफिसमध्ये का नाही, हे मी विचारलं नाही. मला वाटतं मला कळलं.

कोड अजून तसाच आहे. आता तीन फाइली, तीन फांद्या, आणि तिन्ही ठिकाणी माणसं आपापलं घर आपापल्या रंगात बघून समाधानी. गेल्या आठवड्यात टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने रिव्ह्यूमध्ये विचारलं, 'या तीन वेगळ्या फाइली का आहेत? एकच ठेवली तर नाही का चालणार?' दोन वर्षांत हा प्रश्न विचारणारी ती पहिलीच. मी उत्तर टाइप करायला घेतलं. 'कायदेशीर आवश्यकता' एवढं लिहिलं. ते खरंही आहे. पण खोडलं आणि तिला म्हटलं, "चहाला चल, जरा मोठी गोष्ट आहे."